रविवारचा ग्रुप गुरुवारी कुठे होता?

माझ्या फोनमध्ये एक फोटो आहे. जुन्या सांगवीतला मुळेचा काठ, सकाळचे साडेआठ, आम्ही बावीस-तेवीस जण, हातात निळे रबरी ग्लोव्हज आणि समोर कचऱ्याने भरलेली पोती रांगेत मांडलेली. सगळे मस्त हसतोय. कॅप्शन मीच लिहिलं होतं. आता वाचलं की लाज वाटते, म्हणून इथे देत नाही. तुमच्याही फोनमध्ये असा एक फोटो असणार. एनएसएसच्या कॅम्पचा असेल, सोसायटीच्या प्लॉगिंगचा असेल, नाहीतर पर्यावरण दिनाला लावलेल्या रोपाबरोबरचा. (ते रोप जगलं का, हा प्रश्न आज विचारत नाही.)

त्या फोटोत डाव्या कोपऱ्यात, पोत्यांच्या मागे, एक पत्र्याचं दार अर्धवट दिसतं. ते आजींचं घर. आमची घमेली, खोरी, झाडू सगळं त्यांच्या पडवीत ठेवलेलं असायचं. दर रविवारी काम संपलं की त्या मोठ्या पातेल्यात चहा टाकायच्या. पैसे द्यायला गेलं की रागवायच्या. आत खाटेवर आजोबा असायचे. अर्धांगवायूने तीन वर्षं झोपून. आम्ही दारातून 'काय आजोबा, बरंय ना?' असं ओरडायचो, ते चांगला हात वर करायचे. एवढीच ओळख.

२४ जुलै २०२४. बुधवार. तुम्ही पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये असाल तर ती रात्र आठवत असेल. पाऊस थांबेचना. गुरुवारी सकाळी शाळांना सुट्टी जाहीर झाली आणि फोन वाजायला लागले. सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत गाड्या बुडाल्याचे व्हिडिओ आले. डेक्कनच्या पुलाची वाडी भागात आपली अंडाभुर्जीची गाडी पाण्यातून हलवायला गेलेले तीन जण विजेच्या धक्क्याने गेले, ही बातमी आली. आमच्या नदी स्वच्छतेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा १६८ मेंबर होते. दिवसभर ग्रुप धावत होता. धरणातल्या विसर्गाचे स्क्रीनशॉट, स्पायसरच्या पुलावरून काढलेला मुळेचा व्हिडिओ, हात जोडलेले इमोजी, 'स्टे सेफ गाइज'. मीही नवी सांगवीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर बसून दोन व्हिडिओ फॉरवर्ड केले. त्यातला एक जुना निघाला, तो भाग वेगळाच.

आजींच्या घरात तोवर पाणी शिरलं होतं. नदी काठावरून वर यायच्या आधीच रस्त्यातल्या चेंबरमधून उलटं पाणी आलं. शेजारच्या गॅरेजमध्ये काम करणारा एक दादा आणि त्याचा मित्र, दोघांनी आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, ओढणीने बांधलं आणि गुडघाभर पाण्यातून उचलून महापालिकेच्या शाळेत नेलं. औषधांची पिशवी घरातच राहिली. सगळे सुखरूप राहिले, म्हणून ही गोष्ट कुठल्याच बातमीत आली नाही.

आम्हाला हे कधी कळलं? पाणी ओसरल्यावर, पुढच्या आठवड्यात, चिखल काढायला गेलो तेव्हा. आजी चिखलातून भांडी निवडत होत्या. मला म्हणाल्या, "तुम्ही दर रविवारी येता ना गं, मला वाटलं तुम्ही याल."

रागाने नाही म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६८ जणांचा ग्रुप. त्यातल्या किमान तीस जणांनी त्या पडवीत चहा प्यायलेला. आजोबा उठू शकत नाहीत हे सगळ्यांना माहीत. आणि त्या दिवशी एकाच्याही डोक्यात ते दार आलं नाही. आम्ही वाईट होतो म्हणून नव्हे. आम्हाला वाटत होतं की आपलं काम नदीचं आहे, पुराचं काम दुसऱ्या कुणाचं तरी आहे. मला आज तुमच्याशी याच समजुतीवर बोलायचंय. माझं म्हणणं असं की ही दोन कामं वेगळी नाहीतच. रविवारी नदीवर जाणाऱ्या पोरांनी काठावरच्या माणसांची यादी केली नसेल, तर त्यांचं काम अर्धंच झालंय.

आधी थोडा भूगोल, कारण सांगवीत राहणाऱ्यांनाही तो नीट माहीत नसतो. मलाही नव्हता. सांगवीच्या एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला मुळा, आणि पुढे दापोडीजवळ दोघींचा संगम. म्हणजे आपण दोन नद्यांच्या बेचक्यात राहतो. पवनेवर मावळात पवना धरण आहे, ते जलसंपदा विभागाकडे. मुळेवर मुळशी धरण आहे, ते टाटांचं, वीजनिर्मितीसाठी बांधलेलं. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, ज्यातून सेनापती बापट हे नाव महाराष्ट्राला कळलं. शाळेत आपण ते इतिहासाच्या पेपरसाठी पाठ केलं. त्या धरणातून सोडलेलं पाणी आपल्या घाटावर येतं हे मात्र कुणी सांगितलं नाही.

दोन धरणं, दोन वेगळ्या यंत्रणा. दोन्हीकडून एकाच वेळी पाणी सुटलं तर सांगवीत दोन्ही बाजूंनी वाढतं. वर धरणाच्या खाली जो पाऊस पडतो, ओढ्या-नाल्यांतून नदीत येतो, तो त्या विसर्गाच्या आकड्यात नसतोच. त्यात पुढे पुण्यात संगम पुलापाशी मुठा फुगलेली असेल, तर मुळेचं पाणी पुढे सरकायला जागा मिळत नाही आणि मागे फुगवटा येतो. म्हणून 'मुळशीतून फार सोडलेलं नाहीये, टेन्शन नको' असा मेसेज आला तरी तो पूर्ण खरा नसतो.

आणि ते क्युसेक. आपण सगळे तो शब्द क्रिकेटच्या स्कोअरसारखा वापरतो. पंधरा हजार झाला, वीस हजार झाला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. सोसायटीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा. असे अठ्ठावीस टँकर. दर सेकंदाला. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा परत एकदा करून बघितला.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं बघायला महापालिका आहे, अग्निशमन दल आहे, कलेक्टर ऑफिस आहे. बरोबर आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने ती जबाबदारी त्यांच्यावर टाकलेली आहे आणि ती कुणी त्यांच्याकडून काढून घेऊ नये. दर पावसाळ्यात काठच्या वस्त्यांमध्ये भोंगा लावलेली गाडी फिरते, शाळा उघडून दिल्या जातात, जेवणाची सोय होते. हे मी बघितलंय. पण गाडीवरचा माणूस मुख्य रस्त्यावरून बोलतो. तिसऱ्या बोळातल्या चौथ्या खोलीत कोण झोपलंय हे त्याला कसं कळणार? ते शेजाऱ्यालाच माहीत असतं. पहिला एक तास नेहमी शेजाऱ्याचा असतो, आणि त्या एका तासात काय करायचं हे शेजाऱ्याला आधी ठरवून ठेवावं लागतं.

आधी ठरवलं नाही तर काय होतं, याचं एक उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला गावकऱ्यांना पुरातून बाहेर नेणारी बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती, आणि त्यात बायका-मुलंही गेली. बोट चालवणारे, चढणारे, हात देणारे सगळे एकमेकांना वाचवायलाच निघाले होते. पण पाणी चढलेलं असताना आधी कोण, नंतर कोण, हे काठावर उभं राहून ठरवता येत नाही.

उलट उदाहरण बांगलादेशचं. १९७० च्या चक्रीवादळात तिथे लाखो माणसं गेली. त्यानंतर १९७२ मध्ये त्यांनी गावागावांत स्वयंसेवकांची साखळी उभी केली. साधनं काय, तर झेंडे, मेगाफोन आणि सायकल. वादळाची सूचना आली की ठरलेला माणूस ठरलेल्या घरांत जाऊन सांगतो. आज ही संख्या हजारोंच्या घरात आहे आणि तशाच मोठ्या वादळांत मरणाऱ्यांचा आकडा पूर्वीच्या तुलनेत कितीतरी खाली आलाय. गरीब देश, साधी पद्धत. दुसरीकडे स्पेनमधलं व्हॅलेन्सिया. तिथे २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात लोकांच्या फोनवर धोक्याचा अलर्ट आला तो रात्री आठनंतर, तोवर कितीतरी भागांत पाणी शिरलेलं होतं. दोनशेहून जास्त माणसं गेली. नंतरच्या दिवसांत हजारो तरुण मुलंमुली फावडी घेऊन पूल ओलांडून चिखल काढायला गेली. ते फोटो जगभर फिरले. खरंच सुंदर फोटो होते. मला ते बघून आमचा चिखलातला रविवार आठवला. आम्हीही नंतरच पोहोचलो होतो.

'पण नदी साफ करणं पण महत्त्वाचंच आहे ना?' असं माझी एक मैत्रीण वैतागून म्हणाली. आहेच की! उलट मी म्हणते, आपण ते काम पुरतं वापरत नाही. काठावर महिनोन्महिने वाकून काम केलेल्या माणसाला जे दिसतं ते नकाशात नसतं. कुठल्या चेंबरचं तोंड थर्माकोलने बुजलंय. कुठे रात्री राडारोड्याचे डंपर रिकामे होतात आणि पात्र दरवर्षी थोडं थोडं अरुंद होतंय. कुठे भिंतीला भगदाड आहे. जलपर्णी कुठल्या पुलाच्या खांबांना अडकते. सांगवीकरांना जलपर्णी मुख्यतः डासांमुळे माहीत. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी साडेसहाला खिडक्या लावून बसणारे आपण. पण ती वाढते सांडपाण्यावर, पसरते काही दिवसांत दुप्पट होत, आणि पहिल्या मोठ्या पाण्याबरोबर वाहून जिथे अडकेल तिथे पाणी तुंबवते. स्वच्छता, डास आणि पूर एकाच नाल्यातून येतात, फक्त आपण त्यांच्यासाठी तीन वेगळे ग्रुप काढलेत.

म्हणून पोत्यांचा फोटो काढा, हरकत नाही. सोबत त्या बुजलेल्या चेंबरचाही काढा. जागा, तारीख लिहून महापालिकेच्या 'सारथी'वर तक्रार टाका, नंबर ८८८८००६६६६. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा आणि पंधरा दिवसांनी परत विचारा. आमच्या सातपैकी चार चेंबर असे साफ झाले. उरलेल्या तीनपैकी एकाचं झाकणच सापडत नाही, कारण वर कुणीतरी डांबर टाकलंय. आम्ही अजून विचारतोय.

तर यादीकडे येते. गेल्या वर्षी आम्ही चौघांनी मिळून आजींच्या बाजूच्या तीन बोळांची यादी केली. ६२ घरं, तीन रविवार. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या रविवारी अर्ध्या लोकांना आम्ही निवडणुकीच्या सर्व्हेवाले वाटलो. एका मावशींनी लाडक्या बहिणीच्या हप्त्याचं विचारलं. एका काकांनी तर सरळ झाडलंच, "आमची माहिती नेऊन कुठे विकणार?" तेव्हा वाईट वाटलं, पण त्यांचा प्रश्न बरोबर होता. कुठल्या घरात म्हातारी एकटी असते, ही माहिती चुकीच्या हातात पडली तर? म्हणून आम्ही ठरवलं, यादी फोनमध्ये नाही, ग्रुपवर तर मुळीच नाही. वहीत, पेनाने, आणि फक्त दोन प्रती. एक बोळातल्या किराणा दुकानदार काकांकडे, एक गॅरेजवाल्या दादाकडे. ज्यांना नाव द्यायचं नाही त्यांचं नाव नाही. तेच काका तिसऱ्या रविवारी स्वतः आले आणि म्हणाले, "माझ्या आईचं लिहून घे."

काय लिहायचं? आम्ही आधी दोन पानी फॉर्म केला होता, अगदी मास कॉमच्या असाइनमेंटसारखा. तो फेकला. आता फक्त एवढंच: घरात किती माणसं, कुणाला उचलून न्यावं लागेल, कुणाला रोजचं औषध किंवा मशीन लागतं, आणि या घराचं दार वाजवायला कोण जाणार. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे 'सगळे' असं लिहायचं नाही. सगळे म्हणजे कुणीच नाही, हे आम्ही अनुभवाने शिकलोय.

आणि यादी करताना जे कळलं ते आम्हाला घाटावर दोन वर्षांत कळलं नव्हतं. एका घरात आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारे काका. रस्ता बंद झाला तर त्यांचं काय, हा प्रश्न पाण्यापेक्षा मोठा. एका घरात ऑक्सिजनचं मशीन, म्हणजे लाइट गेली की घड्याळ सुरू. आणि सगळ्यात मोठा धक्का कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांचा. चाकणच्या, भोसरीच्या कंपन्यांत नाइट शिफ्ट करणारी, बिहार, ओडिशा, विदर्भ, मराठवाड्यातून आलेली पोरं. एका खोलीत सहा-सहा. सकाळी बसमधून उतरतात, फोन सायलेंट करून झोपतात. भर दुपारी पाणी वाढलं तर यांना कोण उठवणार? सोसायटीच्या ग्रुपवर ते नाहीत. मतदार यादीत इथे नाहीत. भोंग्यावरची सूचना मराठीत, आणि त्यातल्या निम्म्यांना मराठी येत नाही. खरं तर ती आपल्याच वयाची पोरं आहेत. आणि खुर्ची उचलायला सगळ्यात दणकट हात त्यांचेच आहेत. आता त्यातल्या दोघांची नावं 'कोण जाणार'च्या रकान्यात आहेत.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट म्हणायची आहे, कारण वयाने आपण सगळे थोडे हिरो असतो. वाहत्या पाण्यात उतरायचं नाही. घोट्याएवढं दिसणारं पाणी उघड्या चेंबरवरूनही वाहत असतं, आणि पुलाची वाडीत काय झालं ते वर लिहिलंच आहे. आपलं काम पाणी यायच्या आधीचं: दार वाजवणं, मेन स्विच बंद करायला लावणं, सिलिंडरचा रेग्युलेटर काढणं, औषधं आणि कागदपत्रं एका पिशवीत भरून देणं, गाड्या वर नेणं, आजोबांना खुर्चीवर बसवून शाळेत पोहोचवणं. पाणी आल्यानंतर ज्यांच्याकडे बोट आणि लाइफ जॅकेट आहे त्यांना बोलवायचं. १०१ किंवा ११२. आणि पुलावर उभं राहून रील करायची नाही. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने इंद्रायणीत कोसळला, चौघे गेले. तोही रविवारच होता.

ज्यांना यापुढे जाऊन शिकायचंय त्यांच्यासाठी रस्ते आहेत. केंद्राची 'आपदा मित्र' योजना आहे, जिच्यात स्थानिक लोकांना पूर, प्रथमोपचार, शोध आणि सुटकेचं रीतसर प्रशिक्षण मिळतं. एनसीसी, एनएसएससारख्या संघटनांतल्या मुलांसाठी आता 'युवा आपदा मित्र'ही आहे. कॉलेजच्या एनएसएस अधिकाऱ्यांना विचारा. विचारताना अजून एक विचारा. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास भरायचे असतात. त्यातले किती तास आपण रॅलीत घोषणा देत घालवतो? त्यातले वीस तास एका वस्तीच्या यादीला का नाहीत? माझ्या मते प्रत्येक काठच्या कॉलेजला एक बोळ नेमून द्यायला हवा आणि ती वही दर मे महिन्यात नव्याने लिहायला हवी. भाडेकरू बदलतात, म्हातारी माणसं जातात, बाळं होतात. मागच्या वर्षीची वही या वर्षी निम्मी चुकीची असते.

एक आक्षेप मला स्वतःलाच छळतो. पोरांनी वह्या भरायच्या आणि नदीच्या पात्रात भराव टाकणारे मोकळे राहणार, असं तर होत नाही ना? मुळेच्या काठावर नदी सुधारच्या नावाने वाकड बायपास ते सांगवी पूल असा प्रकल्प सुरू आहे आणि त्याने पात्र अरुंद होईल अशी भीती इथल्या लोकांनी, नदीप्रेमी संस्थांनी पुन्हा पुन्हा मांडली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राम-मुळा संगमाच्या बाजूला लोक झाडांसाठी रस्त्यावर उतरले होते. चिखलीत मे २०२५ मध्ये इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने पाडले गेले. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती रेषा, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतला. बंगले पाडले हे कायद्याने बरोबर. पण त्यांना ते बांधू कुणी दिले, प्लॉट विकले कुणी, हे विचारायला कुणी मोठ्याने उभं राहिल्याचं मला दिसलं नाही. आणि काठच्या पत्र्याच्या घरांत राहणारी माणसं तिथे व्ह्यू बघायला गेलेली नाहीत. कामाच्या जवळ, परवडेल अशी खोली तिथेच मिळते.

म्हणजे वही हा प्रश्नांवरचा तोडगा नाही, हे मान्य. पण मी अनुभवाने सांगते, वही केल्यावर आमचे प्रश्न धारदार झाले. आधी आम्ही 'नदी वाचवा' म्हणायचो. समोरचा अधिकारी मान डोलवायचा, चहा मागवायचा. आता आम्ही विचारतो, 'या तीन बोळांत उचलून न्यावी लागतील अशी नऊ माणसं आहेत, शाळेच्या ज्या वर्गात त्यांना ठेवणार तो पहिल्या मजल्यावर का आहे?' यावर मान डोलवून भागत नाही. गेल्या महिन्यात तळमजल्यावरचा वर्ग देऊ असं तोंडी सांगितलंय. लेखी अजून नाही.

जून आलाय. तुम्ही हे वाचताय तेव्हा घाटाच्या पायऱ्या अजून कोरड्या असतील. तुमची नदी मुळाच असायला हवी असं नाही. पवना असेल, इंद्रायणी असेल, कोल्हापूरची पंचगंगा असेल, नाशिकची गोदावरी असेल. नदी नसली तरी एखादा ओढा असतोच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने काय केलं ते आठवा, त्याआधी निम्म्या शहराला तो नालाच वाटत होता. तुमच्या ग्रुपमधले चार जण निवडा. शंभर नकोत, चारच. एक बोळ घ्या. शंभर पानी वही पुरते, पाऊस लागणार म्हणून प्लास्टिकचं कव्हर घाला.

आमचे अजून दोन बोळ राहिलेत. या रविवारी आठ वाजता जायचंय. घाटावर पोती भरायचं काम साडेनऊनंतर. आजींनी सांगितलंय की आधी चहा घ्या, मग वही काढा, कारण वही बघून लोक घाबरतात.

यादीत पहिलं घर त्यांचंच आहे. फोनच्या रकान्यात रेघ मारली आहे, कारण त्यांच्याकडे फोन नाही. त्यापुढच्या रकान्यात दोन नावं आहेत, गॅरेजवाल्या दादाचं आणि माझं. माझ्या घरापासून त्यांचं दार चालत अठरा मिनिटांवर आहे. मोजून बघितलंय, पण ते कोरड्या रस्त्यावर. पावसात एकदा मोजायचं राहिलंय.